काँक्रीट जळत न्हाई, पण फुटतं राव!

कबूल करतो दोस्तांनो. सकाळी कुरवंड्यात मामांच्या नव्या स्लॅबखाली, काढून ठेवलेल्या सेंट्रिंगच्या तेलकट फळ्या मीच पेटवल्या. वर पाणी मारणाऱ्या गण्या दोस्ताला गंमत म्हणून धुरानं पळवायचं होतं.

पण आग लय भडकली. छत फटाफट फुटलं, तुकडे पडले, लोखंडी गज उघडे! मी आग विझवून राख साफ केली.

मामा आले. मिस्त्री म्हणाला, "कुनीतरी चहा केला आसंल. प्लास्टर मारतो. काँक्रीट जळतं व्हय?"

मी गुपचूप फायर ब्रिगेडमधल्या दादाला फोन लावला. तो वैतागला, "येड्या, ओल्या स्लॅबातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. उघडा गज पुढच्या आगीत तापला, की वाकतो. मग स्लॅब आमच्या डोक्यात! इंजिनिअरला दाखव."

मामांना तासभर सांगितलं. ते म्हणाले, "धावी नापास, तू शिकवनार?"

डोकंच फिरलं. मामीनं त्याच स्लॅबखाली सैपाक करायचा ना? बोलून गेलो, "मामा, चहा न्हाई, ढीगभर फळ्या जाळल्यात मी!"

कानाखाली बसली. पण प्लास्टर थांबलं, इंजिनिअर उद्या येतोय.

आजून किती गावात आसं प्लास्टर मारलंय रं?

आईला ठाव न्हाई. हात जोडतो, कुनी सांगू नका.