पायाकडं पाहून वाजवणं

रामधनचे पाय एकमेकांत अडकले अन् तो मॅडमच्या अंगावर गेला. मॅडमनं त्याच्या कंबरेचा पट्टा धरला होता म्हणून पडला नाही. ढोलकी माझ्या मांडीवर.

"काका, लय का वाढवली?"

"गजर शेवटाला वर न्यावाच लागतो, मॅडम. न्हाई तर लोक म्हणतील, म्हातारा थकला."

"इथं लोक नाहीत. इथं रामधनकाका आहेत."

हिंगोलीत लकव्याच्या पेशंटचा व्यायाम घ्यायचं एक सेंटर आहे. तिथं या मॅडम म्युझिक थेरपी करतात. त्यांना ठेका धरणारा माणूस पाहिजे होता. मी जन्मभर भजनी मंडळात ढोलकी वाजवली. बायको गेल्यापासून ती खुंटीला होती. घरी भिंती पाहत बसायचा कंटाळा आला, म्हणून गेलो. मला वाटलं, पेशंट पडून राहील, मी चांगलं भजन वाजवीन, त्याला बरं वाटंल.

"मंग नुसता ठेका मोबाईलवरच लावा की. मला काहून बोलावलं?" मी म्हणालो.

"मोबाईल पेशंटच्या पायाकडं बघत नाही, काका."

मग त्यांनी सांगितलं. लकव्यात पाय जागेवर असतो, पण मेंदूचा निरोप त्याला नीट पोचत नाही. कानावर ठेका पडला की पाऊल कधी उचलायचं ते पायाला कळतं. म्हणून आधी पेशंटची चाल पाहायची. तिच्या लयीत वाजवायचं. चाल बसली की अगदी जरासं वाढवायचं. आपली हौस भागवायची नाही.

रामधन सेनगावकडच्या तांड्यावरचा. उजवं अंग गेलेलं, बोलणं जडावलेलं. लेक बाहेरगावी कामाला. बायको सीताबाई चिपाडासारखी, अन् तीच त्याला खांदा देऊन संडासला न्यायची. मला म्हणाली, "दादा, माझी कंबर गेली. हे आपल्या पायानं दारापर्यंत गेले तरी लई झालं."

ते उचलणं मला माहीत होतं. माझ्या बायकोला शेवटी मीच उचलायचो. ती तरी हलकी होती.

पुन्हा ठेका धरला, तर लयीत पुन्हा पुढं पळालो. भजनात मी पळायला लागलो की बायको बायकांमधून हात खाली दाबून दाखवायची. आता दाखवणारं कुणी नाही.

मॅडमनं सीताबाईला विचारलं, "यांचे पाय कशावर नाचलेत?"

"यांना भजन कुठलं यायला? होळीला लेंगी खेळायचे. गोल धरून, डफावर."

लेंगी म्हणजे तांड्याचं होळीचं गाणं. मला तो ठेका येत नव्हता. सीताबाईनं टाळ्या वाजवून दाखवला. मी धरला.

"असं न्हाई दादा. तुमचं भजनच येऊन राहिलं त्यात."

रामधननं चांगल्या हातानं खुर्चीवर थापा मारल्या, कसं ते दाखवायला. तोंडानं काहीतरी बोलला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते नका विचारू," सीताबाई म्हणाली.

तिसऱ्या खेपेला जमलं. मी ढोलकीकडं पाहणं सोडलं अन् त्याच्या उजव्या अंगठ्यावर नजर ठेवली. पाऊल थबकलं की माझी थाप थांबायची. टेकलं की पडायची. सीताबाई बारीक आवाजात गात होती. तो दारापर्यंत आला अन् चौकट धरून उभा राहिला. घाम गळत होता. परत फिरायचं म्हणेना.

पुढं बरेच दिवस आमी असंच केलं. मॅडम दर खेपेला त्याची चाल तपासायच्या अन् मला किती वाढवायचं ते सांगायच्या. आता तो काठी घेऊन एकटा संडासला जातो.

"मी मागं गेले तर खेकसतात माझ्यावर," सीताबाई म्हणाली. तक्रार सांगत होती, पण निवांत बसून चहा पीत होती.

मला एवढंच समजलं. भजनात ढोलकीवाला पुढं पळाला तर टाळकरी सांभाळून घेतात. इथं माणूस आपटतो.