हात मागे घ्या

घरात आल्या आल्या व्यायामाच्या बाई रुग्णाकडे पाहतच नसत. आधी घरच्यांकडे पाहत आणि म्हणत, "हात मागे घ्या." मग स्वतःचेही हात पाठीशी बांधून उभ्या राहत. आमचं सगळं कुटुंब प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या वर्गासारखं दिसे. समोर खाटेवर माझा थोरला भाऊ डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावत बसलेला असे. एका बटणाला पाच-सात मिनिटं. वहिनीचे हात पाठीमागे एकमेकांशी भांडत असत.

"अवं बाई, माझ्यानं बघवत न्हाई."

"मग खिडकीबाहेर बघा, मावशी. हात मागेच."

तुमच्या ओळखीत कुणाला अर्धांगवायूचा झटका आला असेल तर तुम्हीही हे पाहिलं असेल. आपल्याकडे आजाऱ्यावर माया करायची म्हणजे त्याला काडीसुद्धा उचलू द्यायची नाही. दादाने शिनोलीपासून वरच्या वाड्यांपर्यंतचे ट्रॅक्टर उघडून पुन्हा जोडले होते. त्याला आम्ही घास भरवायला निघालो होतो.

झटक्यातून उठणाऱ्या माणसाला वॉर्डात ठेवण्यापेक्षा लवकर घरी सोडायचं आणि उपचार त्याच्या मागोमाग घरी पाठवायचे, अशी एका ट्रस्टच्या रुग्णालयाची योजना होती. तिच्या उद्घाटनाला निवृत्त मुख्याध्यापक म्हणून खुर्ची भरायला मलाही बोलावलं होतं. शाली पुष्कळ झाल्या. 'रुग्ण' हा शब्द एकदाच ऐकू आला, तोही आभारप्रदर्शनात. योजनेचं नाव फलकावर दोन ओळींत मावलं. प्रत्यक्ष काम मात्र या एका बाईंच्या स्कूटीवर मावत होतं. व्यायाम, बोलणं, गिळणं, सगळं त्यांच्याकडेच, आणि तेही दोन तालुक्यांत.

दादाला आणखी दोन आठवडे ठेवावं, असं डॉक्टरांचं मत होतं. त्याचं गिळणं अजून सुधारलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "घरी लवकर उठतील, सर. मी बघते."

"तुमच्या शब्दावर सोडतोय," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आमच्यादेखत म्हटलं, हे मला नंतर फार आठवलं.

घरी आल्यावर त्यांनी खाटेच्या वर कागद चिकटवला : 'पातळ बंद. पाणी दाट करून. चहा नाही.' पातळ घोट श्वासाच्या वाटेने फुप्फुसात उतरतो, कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही, हे त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं आणि आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. नाचणीच्या आंबिलीइतकं दाट, हे माप वहिनीला लगेच कळलं. स्वतः बाईही आमच्याकडे चहा घेत नसत. वहिनीला तो अपमान वाटे.

"आमच्या घरचा च्या चालत न्हाई व्हय?"

"त्यांना पिता येत नाही, तर त्यांच्यासमोर मी कशी पिऊ?"

दादाची वाचा गेली होती. बाई त्याच्या पेटीतला पाना, बोल्ट, स्वयंपाकघरातला रिकामा कप असं काहीबाही समोर मांडत आणि वाट पाहत. एवढी वाट पाहणारं माणूस मी शिक्षण खात्यात पाहिलं नाही. आम्हाला बजावत, "शब्द आला की ती वस्तू लगेच हातात द्या. बोलून काही मिळालं नाही तर शब्द परत आत जातो." एकदा दादा "पाना" म्हणाला. त्यांनी तो त्याच्या मुठीत ठेवला. दादा दिवसभर तो घेऊन बसला होता.

एका गुरुवारी दुपारी वहिनी शेतावर गेली होती. मी दादापाशी बसून चहा पीत होतो. त्याने माझ्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, "च्या."

स्वच्छ, जुन्या आवाजात. सात आठवड्यांनी माझा भाऊ माझ्याकडे काहीतरी मागत होता.

कागद समोर होता. मला तो वाचता येत नव्हता असं म्हणायची सोय नाही. मी बशीत थोडा ओतला, फुंकर मारली आणि त्याच्या ओठाला लावला. तो प्यायला. ठसका लागला नाही. अर्ध्या तोंडाने हसला.

शुक्रवारी त्याने तो शब्द बाईंनाही म्हणून दाखवला. त्यांनी चक्क टाळी वाजवली.

"कधी बोलले? मग काय दिलंत, गुरुजी?"

"शाबासकी," मी म्हणालो.

रविवारी ताप चढला. फुप्फुसात पाणी आणि जंतू, असं निदान झालं. दादा त्याच वॉर्डात परत गेला आणि तिथून आला नाही.

पुढे रुग्णालयाने चौकशीची बैठक घेतली. मलाही बोलावलं. "घरी काही पातळ दिलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. बाई समोरच बसल्या होत्या. आयुष्यभर मुलांना उभं करून खरं बोलायला लावणारा मी म्हणालो, "आमच्या माहितीत तरी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "माझीच घाई झाली असेल, सर."

बाहेर स्कूटीपाशी हेल्मेट चढवताना त्या थांबल्या. "त्यांचा तो शब्द लई स्वच्छ होता, गुरुजी. भरलेला कप दिसल्याशिवाय असा येत नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो.

घरी जाऊन उपचार करणं बंद झालं. फलक अजून आहे. बाई नाशिकला गेल्या म्हणतात, कुणी नगरला म्हणतं. आळेफाट्यावर दोन्हीकडच्या गाड्या मिळतात. मी पत्र तीनदा लिहिलं आणि पत्ता नाही, या सबबीवर ठेवून दिलं.

गेल्या महिन्यात पिंपरी पेंढारला साखरपुड्याला गेलो होतो. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती, वेणी घातलेली, धुवट लुगडं नेसलेली. उजवा हात मांडीवर पडलेला. समोर प्लास्टिकची रिकामी खुर्ची.

मी टेकायला गेलो तसा तिचा मुलगा म्हणाला, "तिथं नको, पावणं. ती बाईंची हाय, व्यायामाच्या. साल व्हत आलं, पर आई रोज मांडायला लावती."

"तुमी कुटलं?" म्हातारीने विचारलं.

"शिनोलीचा."

"तिकडं बी जायच्या त्या. का वं येईनात?"

साखरपुड्याचा स्पीकर क्षणभर बंद पडला होता. खरं सांगायची तीच वेळ होती.

"बदली झाली त्यांची," मी म्हणालो.

"लांब?"

"हो. लांब."

"मंग येळ लागायचाच," ती म्हणाली. खुर्चीवर ऊन आलं होतं. ती ओणवी झाली, उजव्या हाताची न वळणारी बोटं तिने खुर्चीच्या दांडीत कशीबशी अडकवली आणि थोडी थोडी करत ती सावलीत ओढून घेतली.