कुंकवानं झाकलेला डोळा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत तापलेली एकही वस्तू माझ्या मावशीच्या यजमानांच्या नजरेतून सुटलेली नाही; सुटली असेल तर ती अजून पुरेशी तापलेली नसणार. सगळे त्यांना तात्या म्हणतात. निवृत्त वायरमन. खांबावरून उतरून सात वर्षं झाली, तरी पाय जमिनीवर ठरत नाहीत. ‘बसा’ म्हटलं की उठतात. कमरेला पेंडीच्या पोत्याची पिशवी, मावशीनंच शिवलेली, आणि तिच्यात हात न लावता उष्णता मोजणारं ते पिस्तुलासारखं यंत्र. चाप ओढला की समोर तांबडा ठिपका पडतो, मागं आकडा उमटतो. निमगाव केतकीच्या आठवडी बाजारात ते भाजी घ्यायला जातात आणि भज्यांच्या कढईवर ठिपका धरून उभे राहतात. भजीवाला वैतागतो, “तात्या, भजी घ्या न्हायतर म्होरं सरका.” तात्या म्हणतात, “भजी ऱ्हाऊ दे. तेल लई तापलंय आन तुझ्या उपरण्याचं टोक कढईत लोंबतंय.” बारामतीच्या स्टँडवर त्यांनी एसटीच्या मागच्या चाकाचा आकडा घेऊन ड्रायव्हरला खाली उतरवलं होतं. चुलतभावाच्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत त्यांनी मांडवाचा प्लग उपसला. अंधारात भटजी थबकले, नवरीची आई किंचाळली. दिवे लागल्यावर दिसलं की वायर वितळून पडद्याला चिकटली होती. कुणी आभार मानले नाहीत. व्हिडिओ बिघडला, एवढंच सगळ्यांनी धरून ठेवलं.

या वेडाला कारण आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं. विजेच्या डीपीवर काम करताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं भाजली. जखम भरली, पण त्या बोटांना गरम-गार कळेनासं झालं. चहाचा पेलासुद्धा ते आधी मोजतात. “हाताचा भरवसा न्हाय,” म्हणतात, “आकडा खोटं बोलत न्हाय.”

मी पत्रकं काढते. गोड बोलायला मला जमत नाही आणि जमवायचंही नाही. मावशी पणदऱ्याजवळच्या एका पशुखाद्याच्या मिलमध्ये पोती शिवायची. तिथं मागच्या वर्षी यंत्राचं बेअरिंग तापलं, वर साचलेला पेंडीचा बारीक धुरळा पेटला आणि मावशीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा हात भाजला. मालक म्हणाला, “किरकोळ आहे.” मी पत्रकाचा मथळाच केला : ‘किरकोळ कुणासाठी?’ मार्केट यार्डात वाटलं, कॉलेजच्या दारात वाटलं, मिलच्या फाटकावर तर मालकाच्या गाडीच्या काचेवर चिकटवलं. शेवटी मिलमध्ये इन्फ्रारेड डिटेक्टर बसला. बेअरिंगकडे टक लावून बघणारा, पत्र्याच्या डब्यात बसवलेला, काळ्या काचेचा, लिंबाएवढा डोळा. उष्णता हद्दीबाहेर गेली की भोंगा वाजणार, यंत्र आपोआप थांबणार. जिंकलो, असं मी मिलमधल्या बायकांना सांगितलं. तात्यांनी एकच विचारलं, “रोज त्याची काच पुसणार कोण?” मी म्हटलं, “तात्या, प्रत्येक गोष्टीत खोट काढू नका.”

मग खंडेनवमी आली. मिल धुऊन काढली, यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. मालकानं आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. “ताई, नव्या यंत्राला पहिलं कुंकू तुमच्या हातचं.” ज्याच्या गाडीच्या काचेवर मी पत्रक चिकटवलं तोच मान देतोय म्हटल्यावर मी फुलले, हे कबूल करते. कुंकू पाण्यात कालवलं आणि डोळ्याच्या बरोब्बर मध्यभागी अंगठ्यानं दाबून लावलं. वर अक्षता. टाळ्या पडल्या. फोटो निघाला. त्या फोटोत सगळे हसताहेत, फक्त यंत्र आंधळं आहे.

दसरा झाला, मिल सुरू झाली. दुपारी तात्या नेहमीसारखे मावशीचा जेवणाचा डबा घेऊन गेले. मीही त्या दिवशी बायकांच्या सह्या घ्यायला तिथं होते. तात्यांनी डबा ठेवला, सवयीनं बेअरिंगवर ठिपका धरला आणि आकडा दोनदा वाचला. “शंभराच्या वर गेलंय! भोंगा का गप हाय?” मावशी तिथून दोन हातांवर पोत्याला टाके घालत होती. तात्यांनी वर बघितलं, स्टूल ओढलं, चढले आणि धोतराच्या सोग्यानं डोळा खसाखसा पुसायला लागले.

सुपरवायझर धावला. “ओ तात्या! पूजलेलं हाय त्ये! कुंकू पुसताय?”

“मंग काय डोळं झाकून राखण करंल व्हय त्ये?”

“पाप लागंल!”

“मला लागू दे. तू बायकांना भाईर काढ!”

काच मोकळी झाली आणि भोंगा असा ओरडला की माझ्या हातातले कागद खाली पडले. यंत्राचा पट्टा थांबला. बेअरिंगवरचा धुरळा कडेनं तपकिरी पडायला लागला होता. मावशी सुई हातात घेऊनच उभी होती. तात्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टुलावरून उतरून ते शेजारचं बेअरिंग मोजायला गेले.

त्या संध्याकाळी मी नवं पत्रक लिहायला बसले. दोषी कोण, या ओळीपाशी अडकले. तात्यांना विचारलं. “तुझं नाव नगं, माझं बी नगं,” ते म्हणाले. “एवढंच लिव्ह, कुंकू डब्याला लावा, डोळ्याला न्हाय.” तेच छापलं. मी आजवर काढलेलं सगळ्यात छोटं पत्रक ते, आणि मिलच्या भिंतीवर अजून टिकलेलं एकमेव.

आता मावशीनं काम सोडलंय. गुडघे साथ देत नाहीत. परवा गेले तर ती ओसरीवर बसली होती, उठवत नव्हतं. तात्यांनी हात पुढं केला, तिनं धरला. मग दुसऱ्या हातानं त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं आणि ठिपका तिच्या मोकळ्या तळव्यावर धरला.

“आता माझं बी बेअरिंग तापलं का काय?” मावशी हसली.

“न्हाय गं,” तात्या आकड्याकडे बघत राहिले. “मला हातानं कळत न्हाय, म्हणून बघतोय.”

यंत्र पिशवीत गेलं, पण तिचा हात धरून तात्या बराच वेळ, पहिल्यांदाच, एका जागी थांबले होते.