गेटवरची मावशी

आमच्या भिंतीपलीकडची मावशी चोरी करताना सापडली, ही बातमी गल्लीत माझ्याआधी पोचली, याचंच मला खरं दुःख. पण बातमी साफ उलटी होती. मावशीनं कशालाच हात लावला नव्हता. तिनं साहेबांना बूट काढायला लावले होते.

मावशी कपड्यांच्या कारखान्याच्या गेटवर असायची. सुटी झाली की शिलाईच्या बायका रांग लावायच्या आणि ही एकेकीचे खिसे, पिशव्या चाचपायची. रांगेत तिची सूनही. सुनेची रोज झडती घ्यायचं भाग्य कितीजणींना मिळतं, असं मी म्हटलं की दोघी एक होऊन मलाच झाडायच्या. इतक्या वर्षांत सापडलं काय, तर एक सुई, तीही कुणाच्या बाहीत अडकून राहिलेली.

मग बायकांनी पगारवाढ मागितली. साहेबांनी मावशीला आत बोलावून चहा पाजला. (चहा म्हटल्यावरच मला वास आला होता.) मागणीत पुढे असलेल्या बायका दाखवून म्हणाले, यांना चपला काढायला लावा, डबे उघडायला लावा, झडती सावकाश घ्या. त्यांत सूनही होती. मावशीला चौकशीची भारी खोड. तिनं विचारलं, चपलेत नेमकं शोधायचं काय? साहेब म्हणाले, शोधायचं काही नाही, त्यांची बस चुकली म्हणजे झालं.

त्या संध्याकाळी मावशीनं सगळ्यांनाच पायातलं काढायला लावलं. मशीनवाल्यांना, हिशेबनिसाला आणि गाडीकडे निघालेल्या साहेबांनाही. अख्खी रांग बघतेय म्हटल्यावर ते नाही तरी कसं म्हणणार? मोज्यातून अंगठा बाहेर आला होता म्हणे. सून अजून सांगताना हसते. दुसऱ्या दिवसापासून मावशी घरी.

परवा निरोप आला, माफी मागा आणि कामावर या. घरात एक पगार कमी झालेला, त्यामुळे सूनही जा म्हणेना, नको म्हणेना. मला कुठला धीर? मी भिंतीवरून डोकावलो आणि विचारलं, एवढे धिप्पाड पहारेकरी पडलेत, मग साहेबांना तूच का हवीस? आणि जाणार आहेस का?

मावशी भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "पूर्वी गेटवर काठीवाला होता, तेव्हा बायका त्याला ढकलून निघून जायच्या. मावशीला कोण ढकलणार? म्हणून मला ठेवलं. आता काठीवालाच उभा राहू दे."