पडेलमामांचं शेवटचं मत

पडेलमामा मत देऊन आले की चौकात उभे राहून कुणाला दिलं ते मोठ्याने सांगत. कुणी विचारलेलं नसे. नांदेड लोकसभा मतदारसंघात त्यांनी तरुणपणापासून एकही निवडणूक चुकवली नव्हती, आणि त्यांनी ज्याला मत दिलं असा एकही उमेदवार निवडून आला नव्हता. 'पडेलमामा' हे नाव त्यांच्या गावाने, मुदखेडने ठेवलं. मामांनी त्याला हरकत घेतली नाही.

त्यांची माझी ओळख बातमीदारीतली. निवडणूक पुरवणीसाठी मतदारसंघाचा इतिहास लिहायचा होता. कोण किती मतांनी आलं हे सगळं कार्यालयात होतं. कुणीतरी म्हणालं, मुदखेडच्या मामांना भेटा. रेल्वेत गाड्यांसाठी रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेला, उंच, बारीक माणूस. अंगणात बाज टाकून बसला होता. त्यांच्या इतिहासात जिंकलेला कुणी नव्हता. आणीबाणीनंतर वारं फिरलं तेव्हा मामा वाऱ्याच्या उलट होते. पुढच्या खेपेला वारं परतलं, तेव्हा मामा पुन्हा उलट. नावं ते विसरत, एकाच्या जागी दुसऱ्याचं सांगत. "नावाचं काय हो, तुमच्या हापिसात हाय की," म्हणत.

पक्ष, जात, लाट यांचा मामांच्या मताशी संबंध नसे. त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. मुदखेड जंक्शनचं गाव. फाटक पडलं की बैलगाडीपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळे उभे. मत मागायला येणाऱ्याला मामा विचारत, "फाटकावर पूल कधी करता?" बहुतेक जण छातीवर हात ठेवून म्हणत, निवडून येताच. एखादा गांगरून म्हणे, "मामा, पूल रेल्वेच्या हातात. मी शब्द कसा देऊ?" मामांचं मत त्याला. अशा एका उमेदवाराची अनामत जप्त झाली, तेव्हाही ते हळहळले नाहीत. "ज्याला न्हाई म्हणता येतं, त्याच्याच 'हो'ला किंमत," हे त्यांचं वाक्य मी त्या पुरवणीत चौकटीत छापलं होतं.

गावाने याची थट्टा केली, मग थट्टेवर विश्वास ठेवला. एका निवडणुकीत मी त्यांच्या अंगणात बसलो असताना तीन कार्यकर्ते पेढे घेऊन आले.

"मामा, एक मेहरबानी करा. यावेळी समोरच्याला द्या."

"का रे? तुमच्याच माणसानं बराबर जवाब दिला."

"म्हणूनच भ्याव वाटून राहिलं. लई मेहनत घेतली हो पोरांनी."

"पेढे ठेवा तिकडं. मत तुमच्यालाच."

तिघे रडकुंडीला आलेले चेहरे घेऊन गेले. त्यांचा उमेदवार पडला. मामांच्या सुनेने, शांताबाईंनी, ते पेढे आधीच शेजारी वाटून टाकले होते.

मामा हसत, पण त्यांना ते लागत होतं. निकालाच्या दिवशी ते दार लोटून घरात बसत. मिरवणूक पुढे गेली की दार उघडत. एकदा मला स्टेशनपर्यंत सोडायला आले असताना म्हणाले, "मरायच्या आधी एक डाव आपल्या माणसाचा गुलाल अंगावर पडावा. बास." त्यानंतर प्रत्येक निकालाच्या दिवशी, आकडे घेताना, मला ते आठवत.

शेवटच्या निवडणुकीत त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. पाय आखडले होते. या वयाच्या मतदारांना घरी मतदानाची सोय झाली होती, त्याची बातमी करायला मी पथकाबरोबर गेलो. मामांचा मुलगा दिगंबर तोवर एका मोठ्या पक्षाचा शहराध्यक्ष झाला होता. त्याच्या उमेदवाराने बाजेशी वाकून पायांना हात लावला होता. समोरच्या पक्षाच्या उमेदवारानेही लावला होता. दोघांनी पुलाबद्दल काय सांगितलं हे विचारल्यावर मामांनी मला पाणी हवं का एवढंच विचारलं.

अधिकाऱ्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा मांडला. दिगंबर बाजेमागे उभाच होता.

"बाबा, एवढा डाव घरच्या माणसाचं ऐका," तो म्हणाला.

"दिग्या, बाहेर हो."

"मी काही बघून राहिलो नाही."

"बघत न्हाईस तर हितं काय करून राहिलास? साहेब, ह्याला बाहेर काढा. पेपरवाल्यालाबी."

आम्ही दोघे अंगणात उभे राहिलो. पाकीट चिकटवून पेटीत पडल्यावर आत गेलो. मामा भिंतीला टेकून बसले होते. दिगंबरने विचारलं, शांताबाईंनी विचारलं, जाताना शिपायानेही विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मत सांगितलं नाही.

निकालाच्या दिवशी दिगंबरचा उमेदवार पडला. दिगंबर आतल्या खोलीत टीव्ही बंद करून बसला. संध्याकाळी विजयी मिरवणूक त्या गल्लीत आली, तेव्हा मामांनी शांताबाईंचा हात धरून दार उघडलं आणि उंबऱ्यात उभे राहिले. मी मिरवणुकीबरोबर चालत होतो. पोरांनी ओंजळीने गुलाल उधळला. मामांनी डोळे मिटले, पण मागे सरले नाहीत.

मी जवळ जाऊन विचारलं, "मामा, म्हणजे यालाच दिलं होतं?"

"सांगितलं तर पुढच्या खेपेला पडंल त्यो," मामा म्हणाले.

थंडीत ते गेले. शोकसभेला सगळ्या पक्षांचे लोक होते. निवडून आलेल्या पक्षाचे वक्ते म्हणाले, मामांचं शेवटचं मत आम्हाला मिळालं आणि आम्ही निवडून आलो. पडलेल्या पक्षाचे वक्ते उठून म्हणाले, "चूक. मामांनी मत आम्हालाच दिलं. त्याशिवाय आम्ही पडलो असतो काय?" शोकसभेत लोक हसले. शांताबाईही पदराआड हसल्या.

शेवटी आभाराला दिगंबर उभा राहिला. त्याच्या पक्षाचे लोक त्याच्याकडे बघत होते.

"बाबांनी मला बाहेर काढलं होतं," तो म्हणाला. "मला कसं माहीत असणार?" आणि त्याने आलेल्या सगळ्यांचे आभार मानले.