अडीच तासांचं अंतर

आर्मिंदोकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चौतीस वर्षं लक्झेंबर्गमध्ये भिंतींना गिलावा करतायत, पण मनगटावरचं घड्याळ अजून पोर्तुगालच्या वेळेवर, एक तास मागे. कुणी वेळ विचारली की घड्याळ बघायचं, एक मिळवायचा, मग बोलायचं. गावी जायचं ते फक्त ऑगस्टमध्ये, मोटारीने, दोन दिवस हाडं खिळखिळी करत. एरवी आईने बोलावलं की उत्तर ठरलेलं, "फार लांब आहे गं, आई."

यंदा आई, फेलिस्बेला, हट्टालाच पेटली. ईस्टरला पाद्री क्रूस घेऊन घरोघर जातात. तिने फोनवर बजावलं, "एक्क्याण्णव वर्षांची झाले मी. या वेळी क्रूसाला दार तू उघडायचंस. तोवर मी ते बंद ठेवणार." मग काकांनी जन्मात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं आणि ते नाचवत माझ्या स्वयंपाकघरात आले.

"देओलिंदा, हे बघ गं. जाताना दहा दहाला निघून अकरा पस्तीसला पोर्टो. येताना साडेबाराला निघून पोचायला चार वाजतात. जाताना दीड तास आणि येताना साडेतीन? वाट तीच ना?"

"येताना आईने बांधून दिलेली सॉसेजं असतात ना काका. वजन!"

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. मलाही नीटसं उमगलं नव्हतं. मग त्यांच्या मनगटाकडे लक्ष गेलं.

"अहो, घड्याळ! तिकडे एक तास मागे. खरे अडीच तासच लागतात, जाताना नि येतानाही. दीड हजार किलोमीटर फक्त."

"अडीच तास?" त्यांनी तिकीट टेबलावर ठेवलं. "एवढंच?"

मग तिकिटाची घडी खिशात घालून ते वर निघून गेले. मला उगीच सांगितलं असं वाटलं.

ईस्टरच्या सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडणार होते. साडेआठ झाले तरी काका निवांत दाढी करत होते.

"काका, उशीर होईल!"

"तूच तर शिकवलंस. तिकीट गावचं, म्हणजे वेळ गावची. दहा दहात एक मिळव. अकरा दहा."

ते इतक्या ठामपणे म्हणाले की मीही बोटांवर मोजलं, गोंधळले आणि कॉफी टाकली.

पोचलो तेव्हा विमानाचं दार बंद झालं होतं. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, निघायची वेळ जिथून निघायचं तिथली असते. काका एकदा तिच्याकडे बघत, एकदा मनगटाकडे. मला माझा इतका राग आला की तिथेच रडू फुटलं.

दुपारच्या विमानात जागा मिळाली. पण क्रूस तीनला येऊन बंद दारावरूनच परत गेला होता. काका गावात पोचले संध्याकाळी सातला.

परत आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. क्रूसाच्या स्वागताला उंबऱ्यासमोर अंथरलेली फुलं तशीच होती, कुणाचा पाय न पडलेली. त्यांनी दार ढकललं, तर आई आत खुर्चीतच बसलेली. ती रागावली नाही. तिने आधी त्यांना आत ओढून दार लावून घेतलं.

"शेजारणी विचारत होत्या," ती हळूच म्हणाली. "मी सांगितलं, मोटारीने येतोय, दोन दिवसांची वाट, अडकला असेल कुठे. तू फोनवर सांगितलंस ते अडीच तासांचं कुणापाशी बोलू नकोस हं. चौतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय, फार लांब आहे म्हणून."