न आलेला प्लंबर

माझ्या नवऱ्याचं तोंड टीव्हीवर कधीच दिसलं नाही, पण त्यांचा आवाज गावोगावच्या लोकांनी ऐकला आहे. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना सांगितलं आहे की सांगताना आता मलाच जांभई येते. तरी सांगावं लागतं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

ती मालिका एका नटाची होती. हा नट जन्मभर फक्त प्रेताची कामं करतो. चादर ओढून पडायचं, बायकांनी भोवती रडायचं, संध्याकाळी पिशवीत भाजी घेऊन घरी यायचं. पहिल्याच भागात त्याच्या घरातला नळ तुटतो आणि पाणी साचायला लागतं. दर आठवड्याला थोडं वर. घरातल्या कोणालाच त्याचं नवल वाटत नाही. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून पोळ्या लाटते. स्वयंपाकघराचं दार उघडलं की मधूनच दुसऱ्या मालिकेतलं कोर्ट निघतं आणि न्यायाधीश चहा घेऊन जातात. नट रोज प्लंबरला फोन लावतो. पलीकडून प्लंबर म्हणतो, “येऊन राह्यलो न भाऊ, वाटीनंच हावो,” म्हणजे येतोय, वाटेतच आहे. आणि तो काही येत नाही. शेवटच्या भागात पाणी नटाच्या हनुवटीला लागलं, फोनवर “येऊन राह्यलो” ऐकू आलं आणि मालिका संपली.

फोनवरचा तो प्लंबर म्हणजे आमचे हे.

तेव्हा हे मुंबईत होते. नट व्हायला गेले होते. नऊ वर्षं मी इकडे गावी, नेरला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत, सासऱ्यांचं पथ्यपाणी आणि मुलीची शाळा सांभाळत काढली. हे दिवाळीला यायचे, पोळ्याला येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. प्लंबरचं वाक्य कागदावर ‘येतोय साहेब’ असं लिहिलेलं होतं म्हणे. ह्यांनी सवयीने आपल्या बोलीत म्हटलं, सगळे हसले आणि तेच ठेवलं. नऊ वर्षांची कमाई म्हणजे ती दोन शब्दांची ओळ.

पण ओळ अशी पसरली की विचारू नका. आमच्या भागात पिढ्यानपिढ्या लोक ‘येऊन राह्यलो’च म्हणतात, त्यात हसण्यासारखं काय होतं? मालिकेनंतर त्याचा अर्थच फिरला. येऊन राह्यलो म्हणजे येत नाही. स्टँडवर कोणी विचारलं, पुसदची गाडी कुठे आहे, की दुसरा म्हणायचा, येऊन राह्यली, आणि दोघं हसून चहाला जायचे. शेवटी खरोखर येणाऱ्या माणसाला सांगावं लागायचं, “खरंच येऊन राह्यलो, टीव्हीवालं नाही.” हे मी शाळेत रोज ऐकत होते.

मालिका संपल्यावर हे परत आले. ऑटो घेतला, त्यावर भोंगा बसवला आणि जाहिराती फिरवायला लागले. साड्यांचा सेल, शिकवणी वर्ग, कापसाची खरेदी, हरवलेली बकरी. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, त्यामुळे धंदा बरा चालला. पण गावाने त्यांना माफ केलं नाही. टपरीवर कोणी ना कोणी विचारायचंच, “काय भाऊ, मुंबईवाल्यायनं पुन्हा बोलावलं नाही का?” सात वर्षं हा प्रश्न ह्यांनी हसण्यावारी नेला. घरी आले की मात्र जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. मला त्या न बोलण्याचा फार थकवा आला होता.

मग ती मालिका परत येणार अशी बातमी आली.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, आता प्लंबर यायलाच पाहिजे, किती दिवस माणसाने पाण्यात राहायचं. दुसरा म्हणे, प्लंबर आला की मजा संपली. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, या मालिकेत बोध काय आहे ते त्यांना पहिल्यापासून कळलं नाही. शाळेच्या शिपायाचं दुःख वेगळंच होतं. रस्त्यावरचा कॉक बंद केला तर पाणी थांबतं, एवढं त्या घरात कोणाला सुचू नये? हे तो मागच्या वेळीही दर सोमवारी मला सांगायचा. सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, मालिका कधीच कळली नव्हती, पण मुलाचा आवाज येतो म्हणून ते सगळे भाग बघत बसले होते.

एका मंगळवारी मी शाळेतून आले तेव्हा हे दाराबाहेरच्या ओट्यावर भोंग्याची वायर जोडत बसले होते. हात ग्रीसने काळे. शेजारी ठेवलेला फोन वाजला. “वाच,” म्हणाले. मी वाचलं. मालिकेच्या ऑफिसातल्या कोणा मुलीचा मेसेज होता. नव्या पर्वात प्लंबर पडद्यावर दाखवायचा आहे, सर स्वतः याल का, कळवा.

ह्यांनी वायरचं टोक सोललं, टेप गुंडाळला. मग मान वर न करता म्हणाले, “लिही. येऊन राह्यलो.”

मी लिहिलं. तेवढे दोनच शब्द, आणि पाठवून दिलं. जरा वेळाने उत्तर आलं. हसणारी तोंडं, जोडलेले हात आणि ‘कमाल सर, समजलो आम्ही.’

“समजले म्हणते,” हे म्हणाले आणि हात धुवायला गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

तारीख काही आली नाही. आठवडा गेला, महिना गेला. ह्यांनी दाढी कोरून घेतली, पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला. शर्टावर धूळ बसली की मी पुन्हा धुवायची, पुन्हा इस्त्री करायची. मी म्हटलं, “अहो, एक फोन करून पाहा ना.” तर म्हणाले, “मोठ्या लोकायले घाई करू नये. बोलावतीन.”

जाहिरात टीव्हीवर लागली. तिच्यात पाण्यात उतरणारे प्लंबरचे बूट तेवढे दिसत होते. झालं, गावाने ते बूट ह्यांचेच ठरवले. मध्यंतरी एका दुकानाच्या जाहिरातीसाठी हे दोन दिवस पुसदला जाऊन आले होते, ते लोकांनी मुंबईला पोचवले. “भाऊ, बूट तुमचेच ना?” असं विचारलं की हे हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. मला म्हणाले, “तोंड दुसऱ्याचं घेतलं असन. आवाज माहाच ठेवतीन. तो कुठून आणतीन दुसरा?” ते असं बोलले की मला ओरडावंसं वाटायचं. शाळेतून थकून आलेल्या बाईला ओरडायलाही ताकद लागते, म्हणून मी भाजी निवडायची.

रविवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या काकू पोहे घेऊन आल्या होत्या. शिपाई बायकोला घेऊन आला. मामाजी खुर्चीत सगळ्यात पुढे. हे दाराशी उभे, बसा म्हटलं तरी बसेनात.

पाणी आता नटाच्या घराच्या छताला टेकलं होतं. घरातले सगळे पंख्याला धरून जेवत होते. दुसऱ्या मालिकेतलं एक लग्न खिडकीतून पोहत आलं आणि पंगत वाढून निघून गेलं. लोक हसत होते, काकूंचे पोहे फिरत होते. मग दारावर थाप पडली. दार उघडलं. प्लंबर आत आला. तिशीतला, गोरा, दंड भरलेले, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “मले येऊन राह्यलो ना बे!”

मागून रेकॉर्ड केलेलं हसू वाजलं. आमच्या बैठकीत कोणी हसलं नाही.

“‘मले’ कायले म्हणते हा?” शिपायाच्या बायकोने विचारलं. “मी म्हणा लागते ना.”

“अन् गिऱ्हाइकाले बे म्हणते का कोणी?” काकू म्हणाल्या. “जोड्यानं मारन गिऱ्हाईक.”

शिपाई म्हणाला, “कॉक अजूनही बंद नाही केला.” यावर दोघंतिघं हसले, आणि मग त्यांना दाराकडे बघायचं आठवलं. मामाजी मागे वळले. त्यांना कमी दिसतं. म्हणाले, “काहून रे, आवाज बसला का तुहा? असा काहून येऊन राह्यला?”

“हो बाबा,” हे म्हणाले. “सर्दी होती तवा.”

मालिका अर्ध्यावर असतानाच लोक उठले. कोणाला कणीक भिजवायची होती, कोणाला मोटर लावायची होती. पोह्यांचं पातेलं काकू माझ्याकडेच सोडून गेल्या. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि ते इतक्या शहाणपणाने निघून गेले म्हणून बरंही वाटलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी मालिकेबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते फोनवर बघत बसले. कोणी लिहिलं होतं, पूर्वीची मजा गेली. कोणी लिहिलं होतं, पंख्यावरची पंगत बघून डोळ्यात पाणी आलं. बरेच जण विचारत होते, जुना प्लंबर कुठे आहे? त्याला मालिकेच्या लेखकाने स्वतः उत्तर दिलं होतं. आम्ही सगळ्यात आधी त्यांनाच विचारलं होतं, त्याने लिहिलं होतं. त्यांनी नकार दिला, पण काय नकार! फक्त दोन शब्द पाठवले, ‘येऊन राह्यलो.’ असा नकार द्यायला मोठा कलावंतच लागतो. खाली शेकडो लोकांनी हात जोडले होते.

मी फोन पालथा ठेवला. सातवीचा तास होता, गेले नाही. माणूस येतो म्हणत होता, आपल्या आईच्या भाषेत सरळ हो म्हणत होता, आणि त्यांनी ते नाही म्हणून वाचलं. ते वाचायला त्यांना मीच दिलं होतं.

शाळा सुटेपर्यंत पोस्ट गावभर झाली होती. स्टँडवरून येताना टपरीपाशी गर्दी दिसली. हे मध्ये बाकावर बसलेले, हातात चहा. एरवी ह्यांना तो प्रश्न विचारून छळणारा टपरीवाला ती पोस्ट सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होता. “मुंबईवाल्यायले नाही म्हटलं भाऊनं,” तो मला म्हणाला. “आपल्याले सांगतलं बी नाही. मॅडम, तुम्ही बी नाही सांगतलं.” मुख्याध्यापकांचा फोन आला, की मालिकेत नसला तरी यात बोध आहे.

घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि ओट्यावर बसून ह्यांना म्हटलं, “लेखकाला मेसेज करा. सांगा, मी खरंच येत होतो, तुमचा गैरसमज झाला. अजून भाग व्हायचे आहेत. नाहीतर मी लिहिते.”

“नको,” ते म्हणाले.

“अहो, तुमची चूक नाहीये त्यात.”

“राहू दे.” त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. “सात वर्षं न बोलावलेला माणूस म्हणून पाह्यलं लोकायनं. आज नाही म्हणणारा माणूस म्हणून पाहून राह्यले. मले बरं वाटून राह्यलं. तेवढं राहू दे.”

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “मी ‘येतो’ असं नीट लिहायला हवं होतं. घाईत लिहिलं. चुकून झालं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या मंगळवारी बोट अक्षरांवर असताना मला क्षणभर कळलं होतं की हे तिकडे उलटं वाचलं जाईल. पुन्हा नऊ वर्षं, पुन्हा पोळ्याला येतो म्हणणं, मामाजींचं पथ्य, एकटीची जेवणं, हे सगळं त्या क्षणात येऊन गेलं होतं, आणि मी बोट दाबलं होतं. हे मी कोणाला बोलले नव्हते. स्वतःलाही धड नाही.

“चुकून?” ते म्हणाले. “तू मराठीत चुकत नाही.”

मग चहा उतू गेला म्हणून मी आत गेले.